मावशीच्या नावापुढं मी एनजी लिहिलं

तुमच्या आईला कुणी म्हणालं, 'बाई, जरा परत रडा, मागून ट्रॅक्टर गेला,' तर तुम्ही त्या माणसाला चहा द्याल की उंबऱ्याबाहेर काढाल?

घाई करू नका. खरं उत्तर द्या. मी चहा दिला होता.

पिशोर गावची गोष्ट आहे. माझी मावशी गयाबाई, आईची थोरली बहीण, आपल्याच दारात बाजेवर बसली होती. समोर ट्रायपॉडवर कॅमेरा. तिच्या पदराला आतून लावलेला छोटा माईक. मी खाली पायरीशी. कानाला हेडफोन, मांडीवर पॅड, हातात पेन. कॅमेऱ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत मॅडम. मॅडम पुण्याच्या. नावाजलेल्या. त्यांचे माहितीपट परदेशात जाऊन आलेले.

मावशी नुकतीच रडून थांबली होती. ती रडत असतानाच मागच्या रस्त्यानं अद्रकीची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला आणि त्याचा आवाज तिच्या आवाजावर बसला.

मॅडम वळल्या. मावशीकडं नाही. माझ्याकडं.

"तिला सांग, परत एकदा. पाऊस पडत होता, तिथपासून. ट्रॅक्टर आलाय आवाजात."

मावशी मॅडमपासून चार हातांवर होती. मराठी दोघींनाही येत होती. तरी निरोप माझ्यामार्फत गेला.

मी हेडफोन काढला. "मावशे, परत एकदा म्हंत्यात. टॅक्टरचा आवाज आला."

मावशीनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं मला विचारलं. ब्लाऊज शिवणारी बाई माप विचारते ना, तसं. रागानं नाही, कामाचं म्हणून.

"किती रडू?"

मी म्हणाले, "मघाशी रडलीस तेवढंच."

ती रडली. तेवढंच. मी हेडफोन परत घातला होता, त्यामुळं ते रडणं थेट माझ्या कानात झालं. मॅडम म्हणाल्या, "परफेक्ट." मी पॅडवर लिहिलं: क्लिप एकवीस, गयाबाई, ओके. आणि उठून आत गेले, सगळ्यांसाठी चहा टाकला. साखर जरा जास्तच घातली, पुण्याची माणसं गोड पितात म्हणून.

हे मी केलं. ही गोष्ट मॅडमच्या विरोधात आहेच. पण पहिली सही माझी आहे.

मी पत्रकांवर वाढले. बाबा शहरातल्या एका छापखान्यात मशीन चालवायचे. आम्ही शहराच्या कडेला, हर्सूलला राहायचो, अजून राहतो. छापताना खराब झालेले कागद बाबा घरी आणायचे. लग्नपत्रिका, दुकानांच्या जाहिराती, आणि सगळ्यात जास्त मोर्चांची पत्रकं. एक बाजू छापलेली, एक कोरी. माझ्या वह्यांना पत्रकांचीच कव्हरं. गणितं पत्रकांच्या पाठीवर. एका बाजूला 'उठा', दुसऱ्या बाजूला सात सत्ते एकोणपन्नास. बाबा मला पत्रक मोठ्यानं वाचायला लावायचे आणि शेवटची बारीक ओळ गाळली की थांबवायचे.

"खालचं वाच. कुणी काढलं, कुणी छापलं. ज्याच्याखाली नाव नाही त्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही."

ही एक शिकवण. दुसरी मिळाली शहरातल्या शहागंजात.

बारावीनंतर मी एका स्टुडिओत कामाला लागले. मालकांना सगळे चाचा म्हणायचे, मीही. लग्नाची व्हिडिओ शूटिंग हा त्यांचा धंदा. मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष शूटर चालत नाही, आणि शहरात बाई शूटर शोधून सापडत नव्हती. चाचांनी माझ्या हातात कॅमेरा दिला तो उपकार म्हणून नाही, गरज म्हणून. "जनाना साइड तेरी," म्हणाले. पहिल्याच लग्नात नवरीची फुफी, म्हणजे आत्या, मला म्हणाली, "अगे पोट्टी, तेरे से ज्यादा वजन तो कैमरे का है." मी हसले. खांदा आठ दिवस दुखला. पण कॅमेरा हलला नाही.

चाचांनी एकच नियम पाठ करून घेतला होता. रुखसतीचा. नवरी निघते, आईच्या गळ्यात पडते, त्या वेळचा. "बेटा, दुल्हन एकीच बार रोती. मिला तो मिला, छूटा तो छूटा. दुबारा रोने कू नक्को बोलना. वो अपने वास्ते रोती, अपने कैमरे के वास्ते नहीं."

लग्नाची शूटिंग करणाऱ्या माणसाला हे कळत होतं. परदेशात जाऊन आलेल्या बाईला कळत नव्हतं. आणि मला माहीत असून मी विसरले, कारण समोरची बाई मोठी होती.

तर मॅडम. मी मधल्या काळात माहितीपटाचा कोर्स केला, दोन छोट्या फिल्म केल्या, त्या आमच्याच विहारात भिंतीवर दाखवल्या. कोर्समधल्या एका सरांनी मॅडमना माझं नाव दिलं. त्यांचा फोन आला. "मला तिथलीच मुलगी हवीये. जिच्याकडे लोक मोकळे होतात अशी." मी भारावले होते. फोन ठेवून आईला म्हणाले, आता माझं खरं काम सुरू झालं.

पहिल्या दिवशी गाडी मावशीच्या वस्तीत गेली नाही. नानासाहेबांच्या बंगल्यावर गेली. नानासाहेब म्हणजे पिशोरच्या शिवारातले मोठे जमीनदार. सगळ्या टीमची राहण्याची सोय तिथं. मला हे तिथं उतरल्यावर कळलं. फिल्म वस्तीच्या स्मशानाच्या रस्त्यावर होती आणि तो रस्ता ह्याच माणसानं एकदा अडवला होता. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजू घ्यायच्या असतात गं. शिवाय ड्रोन उडवायला ह्यांचीच गच्ची चांगली आहे."

नानासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "ही कुणाची?"

"आमची लोकल मदतनीस," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणाले, "गयाबाईची भाची."

"असं व्हय. मंग घरचीच की. बस बाहेर, चहा पाठवितो."

चहा आला. आतल्यांना कपबश्या. मला ओट्यावर कागदी कप. मॅडमनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं. मग त्या खाली बघून चहात बिस्किट बुडवायला लागल्या. निघताना मला म्हणाल्या, "तुझं तर गावात घरच आहे. तू मावशीकडेच राहा. तुलाही बरं, त्यांनाही बरं."

'त्यांनाही' म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

आता क्लिप सतरा. ह्या सगळ्या गोष्टीत मला फक्त तीच हवी आहे.

शूटिंगमध्ये प्रत्येक शॉटची नोंद ठेवतात. क्लिपचा नंबर, कोण बोललं, काय बोललं, किती मिनिटं. शेवटच्या रकान्यात ओके नाहीतर एनजी. एनजी म्हणजे नो गुड. वाया. एडिटिंगला बसणारे लोक ओकेच्या क्लिपा उघडतात, एनजीकडं ढुंकून बघत नाहीत. ती नोंद ठेवण्याचं काम माझं. प्रत्येक पानाखाली माझी सही. खाली कार्बन घालून मी एक प्रत स्वतःकडं ठेवायचे, ती सवय चाचांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पहिल्यांदा बोलली. कुणी काही सांगायच्या आधी. तिच्या मनानं. जवळजवळ बारा मिनिटं. ती जे बोलली ते मला तोंडपाठ आहे, कारण ते आता माझ्याशिवाय कुणाकडून ऐकायला मिळणार नाही.

"आमची मढी जायाचा रस्ता त्याच बांधावरून. सासू गेली त्याच बांधावरून, सासरा गेला त्याच बांधावरून. ह्ये गेले त्या साली नानानं तिथं अद्रक लावली आन् तारंचं कंपाऊंड मारलं. ह्यांना घिऊन गेलो तर म्होरं तार. पाऊस लई. ह्यांच्या तोंडावर पाणी पडत व्हतं, म्या पुसत व्हते. नानाचा माणूस म्हणला, नाल्यातून जा. नाला छातीइतका. म्या म्हणलं, फिरवा. माणसं म्हणली, कुठं फिरवायचं? म्या म्हणलं, पंचायतीत. नेलं आन् ठिवलं हापिसाच्या पायरीवर. ह्यांना उभ्या जन्मात त्या पायरीवर कुणी बसू दिलं नव्हतं. म्या म्हणलं, आता निजा निवांत."

आणि मावशी हसली. तोंडावर पदर घेऊन नाही. सगळे दात दाखवून.

"मंग बसलो आम्ही बाया. अकरा जणी. ग्रामसेवक म्हणला, बाई, वास यील. म्या म्हणलं, यीलच. तू बी थांब हितं, म्हंजी कळंल कुठून यितो. चार वाजता तहसीलदार आला. नानाला बोलवून घेतलं. नानानं सोताच्या हातानं तार तोडली, समद्यांम्होरं. त्याच्याकडं पकड बी नव्हती. आमच्या इमलनं देली."

शेजारची विमल कॅमेऱ्यामागून म्हणाली, "नवी व्हती माझी पकड." आणि दोघी परत हसल्या.

मी हेडफोन कानावर दाबून धरला होता. आवाज स्वच्छ. ट्रॅक्टर नाही, कुत्रं नाही, कोंबडं नाही. मी मॅडमकडं पाहिलं. त्या घड्याळ बघत होत्या.

"हे भाषण झालं गं. आणि हसतेय ती. नवऱ्याचं मढं आणि बाई हसतेय, प्रेक्षक तुटतो अशाने. एनजी लिही."

"मॅडम, आवाज एकदम चांगला आलाय."

"आवाजाचं नाही म्हणत मी. भाव नाहीये त्यात. तू विचार तिला काकांबद्दल. शेवटच्या दिवसाबद्दल. तुला सांगेल ती."

मी सतराच्या पुढं एनजी लिहिलं. दोनच अक्षरं. माझं अक्षर चांगलं आहे, वाचायला कुणाला त्रास झाला नसता.

मग मी विचारलं. काकांना आवडायचं काय, शेवटचं काय बोलले, हात कसा धरला होता. भाची म्हणून विचारलं, आणि ती भाचीला सांगता सांगता रडली. ट्रॅक्टर गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चहा झाल्यावर मॅडमच्या सहायकानं कागद काढला. संमतीपत्र. इंग्रजीत, तीन पानं. मावशी पन्नाशीत साक्षरता वर्गाला जाऊन सही शिकलेली. तिला सही करायला आवडतं. तिनं तीन ठिकाणी सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. कुठं करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. मी तो कागद वाचला नव्हता. पत्रकाची शेवटची बारीक ओळसुद्धा न गाळणारी मी, तीन पानं न वाचता त्यावर बोट ठेवत होते.

आठ-नऊ महिन्यांनी फिल्म झाली. शहरात मोठा कार्यक्रम ठरला. मॅडमनी फोन केला, "बायकांना घेऊन ये. आणि तुझी ती नोंदींची कार्बन कॉपी पण आण. आमची मूळ प्रत कुठेतरी गहाळ झालीये."

पिशोरहून काळीपिवळी जीपमध्ये बसून आठ जणी आल्या. मावशी निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसली होती. ते ती फक्त जयंतीला नेसते. विमलनं डोक्याला इतकं तेल लावलं होतं की मावशी वाटभर तिला चिडवत आली, "खिडकीला टेकू नको, काचंतून बाहीर जाशील."

सभागृहात पुढच्या तीन रांगांवर 'राखीव' लिहिलेले कागद. मी बायकांना चौथ्या रांगेत बसवलं. एक स्वयंसेविका आली. फार गोड बोलत होती. "ताई, ह्यांना वर बाल्कनीत बसवता का? इथे कॅमेरे आहेत ना, मागचं दिसणार नाही."

मी त्यांना वर नेलं. हेही लिहून ठेवते. तेव्हाही मी नेलं.

बाल्कनीतून खालची पहिली रांग दिसत होती. तिथं नानासाहेब बसले होते. पांढरे कपडे, मांडीवर हात.

फिल्म सुरू झाली. धुकं. बांध. बासरी. गच्चीवरून उडवलेल्या ड्रोनमधून आमची वस्ती दिसली, काड्यापेटीएवढी. मग मावशी आली, सगळा पडदाभर. पाऊस पडत होता, तिथपासून. रडली. क्लिप एकवीस. नंतर नानासाहेब आले आणि म्हणाले, "माणुसकी म्हणून मी स्वतः रस्ता मोकळा करून दिला." शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: गावाच्या सामंजस्यातून आज हा रस्ता सर्वांसाठी खुला आहे.

पंचायतीची पायरी नाही. अकरा बाया नाहीत. तहसीलदार नाही. तार नाही. अडवलेला रस्ता आपोआप उघडला होता, मोठ्या माणसाच्या मोठ्या मनातून.

खाली टाळ्या. लोक उभे राहिले. मावशी अंधारात माझ्या कानाशी आली.

"मी एवढंच बोलले व्हते का गं?"

ती तक्रार करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आपण विसरलो. बारा मिनिटं बोललेली बाई स्वतःच्या आठवणीवर शंका घेत होती, कारण पडद्यावर ते नव्हतं.

मला शरम वाटली असं लिहिणं सोपं आहे. शरम नाही वाटली. शरम बसून राहायला सांगते. मला राग आला. आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा.

तेवढ्यात खालून मला बोलावणं आलं. स्टेजवर तबक धरायला माणूस हवं होतं. तबकात शाल, नारळ, गुलाबाचं फूल. मी तबक घेऊन उभी राहिले. निवेदकानं मावशीचं नाव पुकारलं. तिला बाल्कनीतून खाली यायला वेळ लागला, तोवर लोक टाळ्या वाजवत राहिले. मग निवेदक म्हणाला, "आणि ह्या माउलीचा सन्मान करण्यासाठी मी ज्यांच्या सहकार्याशिवाय ही फिल्म शक्य नव्हती त्या नानासाहेबांना मंचावर विनंती करतो."

नानासाहेब चढले. त्यांनी माझ्या तबकातली शाल उचलली आणि घडी मोडली.

मावशी स्टेजच्या शेवटच्या पायरीवर थांबली. तिनं शाल पाहिली. शाल धरलेले हात पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. तीच नजर. किती रडू?

मी तबक खाली जमिनीवर ठेवलं. नारळ गडगडत पहिल्या रांगेकडं गेला. मी निवेदकाच्या हातातला माईक घेतला. हिसकावला नाही. त्यानं दिला, त्याला वाटलं मी आभार मानणार. खांद्याच्या पिशवीत कार्बन कॉपी होती. मी पान काढलं आणि वाचलं. जसं लिहिलं होतं तसं.

"क्लिप सतरा. गयाबाई. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. नानासाहेबांनी बांधाला तार लावली. मढं पंचायतीच्या पायरीवर ठेवलं. अकरा बायांचं ठिय्या आंदोलन. तहसीलदार आले. नानासाहेबांनी सर्वांसमोर तार तोडली. एनजी."

मी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"एनजी म्हणजे वाया. क्लिप वीस. गयाबाई रडल्या. ट्रॅक्टर. एनजी. क्लिप एकवीस. गयाबाई परत रडल्या. सांगितलं म्हणून. ओके. ही एकवीस आत्ता तुम्ही बघितली आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. खाली सही माझी आहे."

मॅडम माझ्याजवळ आल्या होत्या. हसऱ्या चेहऱ्यानं. माईकवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, हे आतलं काम असतं. लोकांना यातलं काही कळत नाही."

"मी लिहिलंय. मला कळतं."

मागून कुणीतरी माईक बंद केला. माझा आवाज मेला. मी हात हलवत राहिले असते तर हसं झालं असतं. पण मावशी वर आली.

"माईक ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्या बांधावरून त्या बांधाला हाका मारणाऱ्या बाया हाव आम्ही."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ती नानासाहेबांकडं वळली. ओरडली नाही.

"नाना, शाल घरी न्या. म्हातारपण आलं, थंडीचं कामाला यील. तार तोडाया आमच्या इमलची पकड घेतली व्हती तुम्ही. तेवढी वापस द्या. अजून देली नाय."

वरून बाल्कनीतून विमलचा आवाज आला, "व्हय. नवी व्हती."

वरचे सगळे हसले. विद्यार्थी होते वर, स्वयंपाकाला आलेल्या बायका होत्या, वॉचमन होता. खालच्या तीन राखीव रांगांत कुणी हसलं नाही. नानासाहेब शालीची घडी घालत होते. घडी नीट पडत नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर मॅडमनी मला गाठलं. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हे तू तिच्यासाठी केलंस असं वाटतंय ना तुला? स्वतःसाठी केलंस. तुला कॅमेऱ्याजवळ मी उभं केलं. आता तुला कोण उभं करतं ते बघते."

मी म्हणाले, "चाचांनी उभं केलंय. तुम्ही पायरीवर बसवलं होतं."

त्यांनी शब्द पाळला. ठरलेली दोन कामं गेली. कारण कुणी सांगितलं नाही, फोन उचलणं बंद झालं. फिल्ममधून माझं नाव काढलं. मग नोटीस आली. नोंदींची प्रत परत करा, ती आमच्या मालकीची आहे. चित्रीकरणाचे सर्व हक्क आमचे. सोबत मावशीच्या सहीची तीन पानं जोडलेली. तेव्हा मी ती पहिल्यांदा वाचली. तिचा चेहरा आणि आवाज, हवा तसा, हवा तेवढा, कुठंही, कायमचा. आणि त्याखाली तिची ती सावकाश सही.

प्रत मी दिली नाही. देणार नाही. मी परत शहागंजात गेले, जनाना साइड धरली. चाचांनी कप पुढं सरकवला. म्हणाले, "चाय पी. बैटरी चार्ज करके रख, कल वलीमे की दावत है."

मला वाटलं होतं, पुढचं सोपं आहे. माझा कॅमेरा, माझी मावशी, परत सांगेल. चाचांचा कॅमेरा घेऊन मी पिशोरला गेले. मावशी अद्रकीच्या वावरात होती, मुळ्या मोडत होती.

"मावशे, सतरा नंबरचं परत सांग. आता माझ्या कॅमेऱ्यात."

"नाय."

"का?"

"सांगितलं की एकदा. तू वाया लिव्हलंस."

मी म्हणाले, चुकले. ती म्हणाली, व्हय, चुकलीस. मग हातातली अद्रक झटकून म्हणाली, "रडणं परत करता यितं गं. करून दावलं तुला. हसणं नाय यित. त्या दिवशी मला आतून हसू आलं व्हतं. आता कुठून आणू?"

ती आजपर्यंत बोललेली नाही. माझ्याशी बोलते, जेवू घालते, भांडते. कॅमेऱ्यापुढं ते सांगत नाही. तिचं हसणं पुण्यात एका हार्ड डिस्कमध्ये पडून आहे, सतरा नंबरखाली, माझ्या हातच्या दोन अक्षरांनी बंद केलेलं. मी दर महिन्याला पत्र पाठवते: क्लिप सतरा गयाबाईंना दाखवा. रजिस्टर्ड पोस्टानं, खाली नाव घालून. उत्तर नाही. कुणी मला सांगतात, आता सोड, पुढं जा. पुढंच चाललेय. सतरा घेऊन जाणार आहे.

आता मी अद्रक धुणाऱ्या बायकांवर फिल्म करते. नोंदवही तीच. पण शेवटचा रकाना मी भरत नाही. दिवसभराचं काम संपलं की विहारात लॅपटॉप लावते, जी बोलली तिनं बघायचं, आणि तिनंच लिहायचं. लिहिता येत नाही तिनं गोल काढायचा नाहीतर फुली मारायची. मावशी स्वतः कॅमेऱ्यापुढं बसत नाही, पण पेन घेऊन पहिली येऊन बसते. गेल्या खेपेला मी हातांचा एक शॉट घेतला होता. पाण्यात हात, उन्हाची तिरीप, मला फार आवडलेला. मावशीनं त्यावर फुली मारली.

"हात देखणे दावू नको. नखं गेल्यात त्यांची. ते दिसंना ह्यात."

मी तो काढून टाकला. दुखलं. दुखू दे. मॅडमना कधी दुखलं नव्हतं, म्हणून त्या तशा झाल्या.

कुणी मला विचारतं, असं लोकांना विचारत बसलीस तर फिल्म कधी होणार. होईल तेव्हा होईल. पण ज्या बाईनं तार तोडायला लावली तिला रडकी करून मी पुन्हा कुठल्याही पडद्यावर नेणार नाही. माझ्या हातानं नाही, आणि मी बघत असताना दुसऱ्याच्या हातानंही नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं. आज घरी गेलात की आईला, मावशीला, आजीला विचारा: तुला कधी कुणी कॅमेरा लावून काही विचारलं होतं का? कुठल्या संस्थेनं, चॅनलनं, पुण्या-मुंबईच्या कुणी? जे बोललीस ते तुला पूर्ण दाखवलं का? नसेल दाखवलं तर कागद घ्या आणि लिहा: माझं बोलणं मला पूर्ण दाखवा. खाली तिची सही घ्या, तारीख टाका, पाठवा. एक प्रत स्वतःकडं ठेवा. उत्तर येत नाही तोवर दर महिन्याला पाठवत राहा.

आणि पुढच्या वेळी कुणी ट्रायपॉड घेऊन दारात आलं, तर आधी विचारा, शेवटचा रकाना कुणाच्या हातात राहणार. ते उत्तर मिळेपर्यंत चहा टाकू नका.